जाहेरनाम्याखालची सही

दर थोड्या दिवसांनी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक कागद फिरतो. वर राजमुद्रा, खाली सही, मध्ये दाट टायपिंगची गुजराती. उत्तरायण आली की चायनीज मांज्याचा, गणपती आले की मूर्ती आणि विसर्जनाचा, नवरात्रीत लाउडस्पीकरचा, आणि अधूनमधून भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्या म्हणून घरमालकांसाठी. आपण त्याला जाहेरनामा म्हणतो. महाराष्ट्रातली माझी मावसभावंडं हा शब्द ऐकून हसतात, त्यांच्यासाठी जाहीरनामा म्हणजे निवडणुकीच्या वेळी पक्ष काढतात तो. बडोद्याच्या मराठी माणसाला मात्र जाहेरनामा म्हटलं की पोलीस कमिशनर आठवतात.

हा कागद आपण वाचत नाही. फॉरवर्ड करतो. मी गेल्या वर्षभरात असे चारपाच कागद बसून वाचले आणि मला वाटायला लागलं की शहराच्या पोलीसप्रमुखाची खरी ताकद लाठीत, गाडीवरच्या दिव्यात किंवा बंदूकधारी अंगरक्षकात नसते. ती या सहीत असते. म्हणून मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात पोलीस आयुक्तांवर लिहितो आहे. साहित्याचा विद्यार्थी कायद्यावर काय लिहिणार, असं कुणी म्हणेल. पण जाहेरनामा हाही शेवटी मजकूरच आहे, आणि मजकूर नीट वाचायला तर आपल्याला तीन वर्षं शिकवलं आहे.

आधी थोडी माहिती. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक असतो, आणि १८६१ च्या पोलीस कायद्याने त्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे कलेक्टरच्या, सर्वसाधारण नियंत्रणाखाली ठेवलं. जमावबंदी लावायची तर पोलिसांनी कलेक्टरकडे जायचं, कारण सांगायचं, हुकूम त्याने काढायचा. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांसाठी मात्र इंग्रजांनी १८५६ मध्येच वेगळी वाट काढली होती. तिथे पोलीस कमिशनर. व्यापाराची, गर्दीची शहरं, तिथे दोन साहेबांनी एकमेकांना चिठ्ठ्या पाठवत बसणं परवडणार नव्हतं. तीच पद्धत नंतर मोठ्या शहरांत पसरली. आपल्याकडे ती मुंबई राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्यातून आली. १९६० मध्ये राज्य फुटलं, पण कायदा दोन्हीकडे तोच राहिला. आता इकडे त्याला गुजरात पोलीस अधिनियम म्हणतात, तिकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम. कलमांचे नंबर बहुतेक तेच. एकाच आईची दोन राज्यांत वाढलेली मुलं म्हणा.

या पद्धतीत फरक काय पडतो? पोलिसांनी ज्याच्याकडे परवानगी मागायला जायचं तो माणूस आणि पोलिसांचा प्रमुख, दोघं एकच होतात. धोका आहे असं म्हणणाराही तो, धोका खरा आहे असं ठरवणाराही तो, आणि हुकूम मोडणाऱ्याला पकडणारी माणसंही त्याचीच.

हे चूक आहे असं मी सरसकट म्हणणार नाही. दंगलीच्या रात्री अर्धा तासही फार असतो आणि बडोद्याला हे कुणी शिकवायची गरज नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने या शहरात कर्फ्यू पाहिले आहेत. आजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले. पोलीस वेळेवर आले की नाही यावरून ते दंगलींची आठवण काढायचे, राजकारण वगैरे नंतर. तेव्हा त्वरित निर्णय घेणारा एक जबाबदार माणूस शहराला हवा, हे कबूल. माझा मुद्दा पुढचा आहे. एका हातात इतकं दिलंय, तर तो हात काय लिहितो हे बघायला कोण बसलंय?

यात एक गंमत आहे. बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी ज्या सुधारणा केल्या त्यात न्याय आणि कारभार वेगळे करणं ही एक मोठी सुधारणा होती. त्या काळी शेजारच्या ब्रिटिश जिल्ह्यांत कलेक्टर महसूलही गोळा करायचा आणि मॅजिस्ट्रेट म्हणून खुर्चीतही बसायचा. पोलीस आयुक्ताच्या दंडाधिकारी म्हणून ज्या सत्ता आहेत त्या खटला चालवून शिक्षा देण्याच्या नाहीत, तर आगाऊ प्रतिबंध करण्याच्या आहेत, त्यामुळे तुलना पूर्ण जुळत नाही हे मला माहीत आहे. तरी सूरसागरच्या काठावरून न्यायमंदिराच्या त्या देखण्या इमारतीकडे बघताना मनात येतंच, की ही दोन कामं दोन माणसांकडे असावीत हे या गावाला फार लवकर कळलं होतं.

आता सहीने काय काय होतं ते बघू.

कलम ३७. त्याखाली शस्त्रं, काठ्या, दगड घेऊन फिरायला बंदी घालता येते, आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी सभा-मिरवणुकांवरही. या दुसऱ्या बंदीला कायद्याने पंधरा दिवसांची मर्यादा घातली आहे, पुढे न्यायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते. वाचायला बरं वाटतं. पण पंधरा दिवस संपले की नवा हुकूम, तो संपला की आणखी एक, असं केलं तर मर्यादा कागदावर राहते आणि बंदी रस्त्यावर. जुन्या १४४ कलमाचंही असंच. जुलै २०२४ पासून ते नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं आहे, लोक अजून एकशेचव्वेचाळीसच म्हणतात. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीविरुद्ध संपादक अनुराधा भसीन यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं, की असे हुकूम पुन्हा पुन्हा काढत राहणं हा सत्तेचा गैरवापर आहे, हुकूम जाहीर करायला हवेत आणि त्यात कारणं दिसायला हवीत. नुसतं ‘शांतताभंगाची शक्यता असल्याने’ एवढं टाकून चालणार नाही.

कलम ५६. तडीपारी. एखाद्या माणसाच्या वागण्याने लोक घाबरतात, साक्षीदार उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, असं वाटलं तर त्याला शहराबाहेर घालवता येतं, दोन वर्षांपर्यंत. आधी नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, सरकारकडे अपील करता येतं. पण साक्षीदारांची नावं त्याला कळत नाहीत. ज्यांना गुंडांचा त्रास आहे त्यांना हे कलम देवासारखं वाटतं. मात्र दिल्लीतल्या प्रेमचंदची गोष्टही ऐकायला हवी. तो थंड पाणी-सरबत विकायचा. पोलिसांनी त्याला कायमचा साक्षीदार करून टाकलं, जिथे पंच हवा तिथे प्रेमचंद. त्याच्या सांगण्याप्रमाणे असे हजारो खटले झाले. शेवटी त्याने नाही म्हटलं, तर त्याच्यावरच तडीपारीची कारवाई सुरू झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ती कारवाई मोडीत काढली. कायदा गुंडासाठी केला होता. वापरला सरबतवाल्यावर.

आणि पासा. १९८५ चा हा गुजरातचा कायदा. यात आयुक्त एखाद्याला स्थानबद्ध करण्याचा हुकूम काढू शकतात. सरकारने बारा दिवसांत त्याला मान्यता द्यावी लागते, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळासमोर ठेवावं लागतं, म्हणजे अगदीच मोकाट नाही. पण कमाल मुदत एक वर्ष, आणि खटला नाही. २०२० मध्ये त्यात सायबर गुन्हे, जुगार, सावकारी वगैरेंची भर पडली. कायदा वाढला की सहीची पोहोच वाढते, एवढं साधं आहे.

एवढं सगळं वाचल्यावर मला आपल्या अभ्यासक्रमातलं नाटक आठवलं नसतं तरच नवल. ‘घाशीराम कोतवाल’ शिकताना वर्गात चर्चा होते ती नाना फडणवीस आणि घाशीराम यांच्या व्यवहाराची, मुलीची, ब्राह्मणांच्या ढोंगाची. ते सगळं आहेच. पण मला त्यात सगळ्यात भीतीदायक वाटतो तो परवाना. रात्री बाहेर पडायला परवाना, हे करायला परवाना, ते करायला परवाना. तेंडुलकरांनी हिंसा दाखवायच्या कितीतरी आधी कागद दाखवला आहे. ज्या शहरात प्रत्येक गोष्टीला कोतवालाची परवानगी लागते तिथे पुढे काय होणार हे सांगायला वेगळा सूत्रधार लागत नाही. खऱ्या घाशीरामाचं १७९१ मध्ये पुण्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. कोंडून ठेवलेले तेलंगी ब्राह्मण मेले, आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. परवाने देणाऱ्याला शेवटी जमावाने मारलं, आणि जमावाकडे कुठलाही परवाना नव्हता. नाना सुखरूप राहिले.

हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं डिसेंबर १९७२ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला होता, जो आपल्या वयाच्या प्रत्येकाने वाचायला हवा असं मला मनापासून वाटतं. हिंमतलाल शाह विरुद्ध पोलीस कमिशनर, अहमदाबाद. १९६९ मध्ये विद्यार्थ्यांच्या देशव्यापी संपाच्या निमित्ताने अहमदाबादमध्ये पाचकुवा दरवाजाजवळ सभा घ्यायची होती. हिंमतलाल शाहांनी परवानगी मागितली, पोलिसांनी नाकारली. ते हायकोर्टात गेले, तिथे हरले. सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्तींपुढे प्रकरण आलं. प्रश्न असा होता: रस्त्यावर, चौकात सभा घेणं हा माझा हक्क आहे की कमिशनरांची मेहेरबानी?

न्यायालयाने कलम ३३ रद्द केलं नाही. सभांचं नियमन करायला पोलीस नियम करू शकतात, रहदारी आहे, लोकांची ये-जा आहे, हे मान्य केलं. पण त्या कलमाखाली अहमदाबादच्या कमिशनरांनी केलेला सात नंबरचा नियम रद्द केला. का? त्या नियमात परवानगी घ्या एवढंच होतं. ती कोणत्या कारणाने नाकारता येईल, याबद्दल एक शब्द नव्हता. म्हणजे अधिकाऱ्याच्या मनात आलं तर हो, नाही आलं तर नाही. न्यायालय म्हणालं, नियमन करा, पण असा बिनलगामी अधिकार घटनेत बसत नाही, आणि सार्वजनिक रस्त्यांवरून सभेचा हक्कच पुसून टाकता येणार नाही.

माझ्या मते शहर पोलीसप्रमुखाचं कर्तव्य काय, याचं इतकं नेमकं उत्तर दुसरीकडे सापडणार नाही. नाही म्हणायचा अधिकार त्याला आहे. पण का नाही, हे आधीच ठरलेल्या, सगळ्यांना माहीत असलेल्या कसोट्यांवर सांगणं हे त्याचं काम आहे. आणि हा धडा आपल्या मुंबई पोलीस कायद्याखाली, आपल्या शेजारच्या शहरातून, विद्यार्थ्यांच्या एका सभेमुळे मिळाला. आपल्याला मात्र तो कुणी शिकवत नाही.

पन्नासहून जास्त वर्षं झाली, व्यवहार किती बदलला? मागे आम्ही सातआठ जणांनी एक पथनाट्य बसवलं होतं. विषय मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचा. आमच्याच एका मित्राच्या घरी ते होऊन गेलं होतं, म्हणून सगळे जीव लावून करत होते. बागेबाहेर वीस मिनिटांचा प्रयोग करायचा होता. एका चौकीत गेलो, तिथून दुसरीकडे पाठवलं, तिथून तिसरीकडे. प्रत्येक ठिकाणी माणसं चांगली वागली, एकाने तर चहा पाजला. पण उत्तर एकच: वरून विचारावं लागेल. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. नकारही दिला नाही. दिवस उलटून गेला आणि आम्ही कॉलेजच्या आवारात एकमेकांसमोर प्रयोग केला. ज्यांना त्या अ‍ॅपची भीती घालायची होती ते बागेत शेंगदाणे खात बसले असतील.

लक्षात घ्या, आम्हाला कुणी ‘नाही’ म्हटलंच नाही. नकार असता तर त्यावर कारण मागता आलं असतं, अपील करता आलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. गप्प बसून केलेल्या नकाराविरुद्ध कुठल्या कोर्टात जायचं?

माझ्या एका मैत्रिणीचे वडील हेडकॉन्स्टेबल आहेत. त्यांना मी हे सांगितलं तर काका म्हणाले, “अरे, सही साहेबांची असते आणि शिव्या आम्हाला. वरच्याने लिहून दिलं की अमुक असेल तर हो म्हणा, तमुक असेल तर नाही, तर मी उभ्या उभ्या सांगेन. लिहिलेलंच नसतं, मग मी माझी नोकरी कशाला घालू?” मला वाटतं काकांनी हिंमतलाल निकालाचं सार एका दमात सांगितलं. आयुक्ताने कसोट्या लिहिल्या नाहीत की फक्त नागरिकाचा हक्क जात नाही, खालच्या पोलिसाचा शहाणपणाही जातो. तो मग सगळ्यात सुरक्षित उत्तर देतो, म्हणजे काहीच उत्तर देत नाही.

चांगला नियम कसा असतो याचंही उदाहरण आपल्याजवळ आहे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. हा देशभराचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, आणि सणांसाठी वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट द्यायचा अधिकार राज्य सरकारला आहे. गरब्यासाठी आपण सगळे त्याच सुटीचे लाभार्थी. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा उघड्यावर असेल तर अनेक पॅरिशांत ती याच नियमामुळे लवकर सुरू करतात. आमच्या घरात आजी त्यावरून दरवर्षी कुरकुर करते, तिच्या मते मध्यरात्रीची मिस्सा साडेसातला म्हणजे येशूचा जन्म ऑफिसच्या वेळेनुसार. पण माझा त्या नियमाला विरोध नाही. वेळ ठरलेली आहे, कारण माहीत आहे, आणि तो मिस्सेला, गरब्याला, अजानला, गणपतीच्या डीजेला सारखाच लागू आहे. ज्या दिवशी तो एकाला लागू आणि दुसऱ्याला डोळेझाक असा होतो, त्या दिवशी तोच नियम वाईट होतो. आणि डोळेझाक करायची की नाही हे शहरात शेवटी आयुक्तच ठरवतात.

इथे ज्युलिओ रिबेरोंचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. कॅथलिक घरांत ते जरा अभिमानाने घेतलं जातं हे खरं, पण मी वेगळ्या कारणाने घेतोय. ते १९८२ मध्ये मुंबईचे पोलीस आयुक्त होते आणि त्याच ऑगस्टमध्ये त्यांच्याच शिपायांनी बंड केलं. शहराचं रक्षण करणारेच रस्त्यावर उतरले तर काय होतं हे त्यांनी खुर्चीत बसून पाहिलं. याच रिबेरोंनी सप्टेंबर २०२० मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, दिल्लीच्या पोलीस आयुक्तांना उघड पत्र लिहिलं. दिल्ली दंगलीच्या तपासात शांततेने निदर्शनं करणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात आणि चिथावणीची भाषणं करणारे मोकळे राहतात, हे कसं, असा त्यांचा प्रश्न होता. दिल्लीच्या आयुक्तांनी त्यांना उत्तरही दिलं. उत्तर पटण्याजोगं होतं की नाही यावर मतं वेगळी असतील. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की कमिशनर हा कारण विचारण्याजोगा माणूस आहे असं एका जुन्या कमिशनरने गृहीत धरलं.

पण विचारणार कोण, आणि तो उत्तर देईल कशाच्या जोरावर? तो कधी बदलला जाईल हे त्याला स्वतःला माहीत नसेल तर त्याची नजर आपल्याकडे असणार की बदली करणाऱ्याकडे? २००६ च्या प्रकाश सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. पोलीसप्रमुखांना आणि ठाणेदारांना किमान दोन वर्षं हलवू नका, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा. राज्यांनी ते जमेल तितकं टाळलं. नाटकातल्या नानांना काय हवं होतं? आपल्या मर्जीवर उभा असलेला कोतवाल. मर्जी सरली की सोडून देता येईल असा. तडीपारी, पासा, जमावबंदी ही हत्यारं ज्याच्या हातात आहेत तो माणूस कुणाच्या मर्जीवर उभा राहता कामा नये. याबाबतीत मी आयुक्तांच्या बाजूचा आहे, हे कुणी लक्षात घेतलं तर बरं.

जाहेरनाम्यांबद्दल आणखी एक. ते गुजरातीत निघतात, ते योग्यच आहे, ही इथली भाषा आहे. पण ती भाषा गुजराती बोलणाऱ्यालाही कळत नाही. एक वाक्य पाऊण पान चालतं आणि शेवटी क्रियापद सापडेपर्यंत आपण सुरुवात विसरलेलो असतो. मोडला तर गुन्हा दाखल होतो असा मजकूर, ज्याला तो पाळायचा आहे त्याला समजू नये, हे चालणार नाही. आपल्या मंडळाने एक साधं काम हाती घ्यावं असं मी सुचवतो: निघेल त्या जाहेरनाम्याचं सोप्या मराठीत आणि गुजरातीत चार ओळींत रूपांतर. कशाला बंदी, कुठे, किती दिवस, कोणत्या कलमाखाली, आणि कारण काय दिलं आहे. कारण दिलं नसेल तर तेही लिहायचं. माहितीचा अधिकार आहेच, वीस रुपयांत विचारता येतं.

दरम्यान पथनाट्याचा दुसरा अर्ज तयार आहे. यावेळी दोन प्रती आहेत, एकीवर पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही असं ठरलं आहे. परवानगी नाकारायची झाल्यास कारण लेखी द्यावं अशी विनंती शेवटच्या परिच्छेदात आहे, आणि १९७२ च्या निकालाचा उल्लेख सरांच्या सल्ल्याने, जरा नम्र भाषेत, घातला आहे. अर्ज मराठी विभागाच्या टेबलावर ठेवलाय. बारा सह्या झाल्या आहेत, शुक्रवारी दुपारपर्यंत आणखी करता येतील.